त्रुटिनिर्मिती, आज्ञावली भाषांतील

संगणकाच्या आज्ञावलीतील एखादी क्रिया अपेक्षेप्रमाणे पार पडली नाही, तर त्या अपयशाचे वर्णन करणारे मूल्य तयार करण्यास त्रुटिनिर्मिती असे म्हणतात. फाइल न सापडणे, अंकांच्या जागी अक्षरे येणे, दूरच्या संगणकाकडून वेळेत उत्तर न मिळणे, स्मृतीतील जागा संपणे इ. प्रसंगी हे मूल्य तयार होते आणि ज्या फंक्शनाने ते काम सांगितले असेल त्याच्याकडे पोहोचविले जाते. बहुतेक आधुनिक भाषांत त्यासाठी लागणारी फंक्शने भाषेच्या प्रमाण लायब्ररीत, म्हणजे भाषेबरोबरच पुरविल्या जाणाऱ्या तयार फंक्शनांच्या संग्रहात, दिलेली असतात. ही फंक्शने आकाराने अगदी लहान असतात. काहींची लांबी दोनचार ओळींहून अधिक नसते. तथापि त्या भाषेतील जवळजवळ प्रत्येक आज्ञावली त्यांचा उपयोग करते आणि एकदा प्रसृत झाल्यावर त्यांचे स्वरूप बदलणे फार अवघड असते. म्हणून त्यांची रचना हा भाषारचनेतील एक महत्त्वाचा प्रश्न मानला जातो.

त्रुटीच्या मूल्याला दोन वाचक असतात. पहिला वाचक म्हणजे स्वतः आज्ञावली. पुन्हा प्रयत्न करावा, दुसरा मार्ग धरावा की थांबावे, हे तिला त्या मूल्यावरून ठरवावयाचे असते. दुसरा वाचक म्हणजे माणूस. काय बिघडले, कोठे बिघडले व आता काय करावयाचे, हे त्याला समजावे लागते. पहिल्याला निःसंदिग्ध ओळख हवी असते, तर दुसऱ्याला सुबोध मजकूर. या दोन गरजा एकाच लहान मूल्यात कशा सामावावयाच्या, हाच त्रुटिनिर्मितीच्या रचनेतील मूळ प्रश्न होय.

गरज : त्रुटीचे स्वतंत्र मूल्य नसेल तर काय घडते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. महाराष्ट्रात पावसाची दैनंदिन नोंद महसूल मंडळानुसार होते आणि एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिमी.पेक्षा अधिक पाऊस झाल्यास तेथे अतिवृष्टी झाली असे धरले जाते. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे व साहाय्य यांच्या दृष्टीने हा निकष निर्णायक असतो. समजा, परभणी जिल्ह्यातील सर्व मंडळांच्या अशा नोंदी वाचून अतिवृष्टीच्या मंडळांची यादी करणारी आज्ञावली लिहावयाची आहे. गंगाखेड तालुक्यातील एका मंडळाची नोंद करणाऱ्याने ७२ मिमी. हा आकडा देवनागरी अंकांत लिहिला आहे.

सी भाषेतील मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करणारे ‘एटीओआय’ हे जुने फंक्शन केवळ रोमन लिपीबरोबर वापरले जाणारे अंक ओळखते. देवनागरी ‘७२’ त्याला कळत नाही आणि न कळल्यास ते ० हे मूल्य परत करते. शून्य हे पावसाचे पूर्णपणे वैध माप असल्यामुळे आज्ञावली पुढे चालू राहते आणि अतिवृष्टीचा दिवस कोरडा दिवस ठरतो. कोठेही संदेश येत नाही व यादीतून ते मंडळ निमूटपणे गळते. नोंद नसल्याची खूण म्हणून उणे ९९९ यांसारखी अशक्य संख्या लिहिण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यातही हाच धोका असतो. ती खूण वगळण्याचे विसरल्यास महिन्याची सरासरी उणे येते. ‘पाऊस नाही’ आणि ‘पावसाविषयी माहिती नाही’ ही दोन भिन्न विधाने आहेत. त्यांतील भेद टिकवून धरणे हे त्रुटिमूल्याचे पहिले काम होय.

हा भेद पुसला गेल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एरियन-५ या यूरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून निघालेला हा अग्निबाण सु. ४० सेकंदांत नष्ट झाला. दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीने ६४ बिटांची एक अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसविण्याचा प्रयत्न केला. संख्या मोठी असल्याने त्रुटी निर्माण झाली व ती हाताळण्याची तरतूद नसल्याने यंत्रणा बंद पडली. बंद पडताना तिने दोषाचे वर्णन करणारी माहिती मुख्य संगणकाकडे पाठविली. मुख्य संगणकाने ती माहिती उड्डाणाचे खरे आकडे म्हणून वाचली आणि त्याप्रमाणे अग्निबाणाची दिशा बदलली. त्रुटी निर्माण झाली होती. पण ती त्रुटी आहे हे वाचणाऱ्याला ओळखता आले नाही.

इतिहास : प्रारंभीच्या भाषांत त्रुटीसाठी वेगळे मूल्य नव्हते. यंत्र थांबणे अथवा ठरावीक संख्या परत मिळणे एवढाच संकेत असे. १९६० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या पीएल/वन या भाषेत विशिष्ट स्थिती उद्भवल्यास कोणती कृती करावयाची, हे आधी सांगून ठेवण्याची सोय होती. युनिक्स या कार्यकारी प्रणालीत प्रत्येक त्रुटीला क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. उदा., २ म्हणजे फाइल अस्तित्वात नाही व १३ म्हणजे परवानगी नाही. हा क्रमांक ‘एरनो’ नावाच्या एका सामाईक चलात ठेवला जाई. १९८९ मध्ये सी भाषेचे अमेरिकन मानक प्रसिद्ध झाले. त्यात हे चल आणि क्रमांकावरून मजकूर देणारे ‘स्ट्रएरर’ हे फंक्शन समाविष्ट झाले.

या पद्धतीत त्रुटी ‘निर्माण’ होत नाही. केवळ एक आकडा मागे राहतो. कोणती फाइल, कोणत्या ओळीत, कोणत्या कामासाठी, हे त्यात कळत नाही. शिवाय आकडा सामाईक असल्याने मधल्या एखाद्या निरुपद्रवी क्रियेने तो बदलला, तर माणसासमोर भलताच संदेश येतो. फाइल ही टंकयंत्रासारखे टोकाचे उपकरण आहे काय, याची चाचणी लायब्ररीतील फंक्शने स्वतःच करीत असत आणि उत्तर नकारार्थी आल्यास २५ हा क्रमांक मागे राही. त्यामुळे टपाल पोहोचविण्यासारख्या सर्वस्वी वेगळ्या कामात अपयश आले असताही ‘नॉट अ टाइपरायटर’, म्हणजे ‘हे टंकयंत्र नव्हे’, असा संदेश युनिक्सच्या वापरकर्त्यांना दिसत असे.

१९७० नंतरच्या दशकात मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या मार्गदर्शनाखाली सीएलयू ही भाषा तयार झाली. तीत फंक्शनाने आपल्या अपयशाला नाव देऊन त्यासोबत माहिती पाठविण्याची रीत होती. या अपवाद-पद्धतीचा पुढे एडा, सी++, जावा, पायथन इ. भाषांत विविध रूपांनी विस्तार झाला. तीत त्रुटी ही एक वस्तू असते. ती तयार करून ‘फेकली’ जाते आणि हाताळणारा भाग मिळेपर्यंत बोलावणाऱ्या फंक्शनांच्या साखळीतून वर जाते. याउलट २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो आणि २०१५ मध्ये स्थिर रूपात आलेल्या रस्ट या भाषांनी त्रुटी हे इतर मूल्यांसारखेच परत मिळणारे मूल्य मानले. या दुसऱ्या पद्धतीत त्रुटी तयार करणे ही नित्याची, उघडपणे लिहिली जाणारी क्रिया असल्यामुळे तिच्यासाठी दिलेल्या फंक्शनांची रचना विशेष महत्त्वाची ठरली.

ओळख : गो भाषेतील मूळ फंक्शन अत्यंत साधे आहे. ‘एरर्स’ या पॅकेजातील ‘न्यू’ या फंक्शनास एक मजकूर दिला की तो मजकूर धारण करणारे त्रुटिमूल्य मिळते. यात एक सूक्ष्म पण मुद्दाम केलेली योजना आहे : एकच मजकूर देऊन हे फंक्शन दोनदा बोलाविल्यास मिळणारी दोन मूल्ये परस्परांशी समान नसतात. त्रुटीची ओळख मजकुरावर नसून प्रत्येक वेळी निर्माण झालेल्या स्वतंत्र मूल्यावर अवलंबून राहते. दोन वेगवेगळ्या पॅकेजांच्या लेखकांनी योगायोगाने ‘नोंद नाही’ असाच मजकूर लिहिला, तरी एकाची त्रुटी दुसऱ्याची समजली जात नाही.

मजकुरावरून त्रुटी ओळखणे घातक असते. मजकूर माणसासाठी असतो व तो सुधारण्याचे स्वातंत्र्य लेखकाला हवे असते; परंतु इतर आज्ञावल्या त्याची अक्षरशः तुलना करू लागल्या, तर शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केल्यानेही त्या बंद पडू शकतात. हे टाळण्यासाठी निरनिराळ्या भाषांनी ओळखीची निरनिराळी साधने दिली आहेत. सी++ भाषेच्या २०११ च्या मानकात क्रमांकासोबत तो कोणत्या वर्गाचा आहे हेही नोंदविले जाते. त्यामुळे दोन वर्गांतील २ हा क्रमांक एकच ठरत नाही. रस्टमध्ये आदान-प्रदानाची त्रुटी तयार करताना तिचा प्रकार व मूळ कारण अशी दोन मूल्ये देता येतात. पायथनमध्ये २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून फाइल न सापडणे, परवानगी नसणे इत्यादींसाठी स्वतंत्र वर्ग केलेले आहेत. त्यापूर्वी एकाच वर्गातील क्रमांक तपासावा लागे.

तपशील : ओळखीइतकाच तपशीलही आवश्यक असतो. वरील उदाहरणातील देवनागरी ‘७२’ गो भाषेच्या अंकवाचक फंक्शनाला दिल्यास ते त्रुटी परत करते. या त्रुटीत फंक्शनाचे नाव, वाचता न आलेला मजकूर आणि कारण असे तीन भाग असतात. नोंद तपासणाऱ्यास केवळ संदेश वाचून लिपीचा घोटाळा ध्यानात येतो. रस्टमधील तत्सम त्रुटीत केवळ प्रकार असतो, मूळ मजकूर नसतो. तो मजकूर बोलावणाऱ्याजवळ असतोच आणि त्याची प्रत न केल्याने स्मृती वाचते; मात्र तो संदेशात जोडण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यावर येते. पायथन व जावा यांची अंकवाचक फंक्शने देवनागरी अंकही स्वीकारतात. तेथे ७२ हा आकडा बरोबर वाचला जातो व त्रुटी उद्भवतच नाही. सारांश, कशाला त्रुटी म्हणावयाचे हादेखील प्रमाण लायब्ररीच्या रचनाकारांनी घेतलेला निर्णय असतो.

तपशिलाला मर्यादाही असते. त्रुटीचे संदेश नोंदवह्यांत साठतात व अनेकांच्या नजरेस पडतात. म्हणून परवलीचे शब्द, आधार क्रमांक, बँक खात्याचे क्रमांक इ. खासगी माहिती त्रुटिमूल्यात घालू नये, असा दंडक पाळला जातो.

कारणसाखळी : मोठ्या आज्ञावलीत त्रुटी सर्वांत आतल्या फंक्शनात निर्माण होते व तिचा अर्थ सर्वांत बाहेरच्या फंक्शनाला कळतो. ‘अवैध अंक’ एवढेच वर पोहोचले, तर शेकडो नोंदींपैकी कोणती चुकली हे समजत नाही. म्हणून वाटेतील प्रत्येक फंक्शन मूळ त्रुटीभोवती आपल्या माहितीचे वेष्टन घालते. उदा., ‘परभणी जिल्ह्याची यादी तयार झाली नाही : गंगाखेड तालुका, ओळ १४ : अवैध अंक “७२”’.

असे वेष्टन घालताना आतील त्रुटीची ओळख शिल्लक राहावी काय, हा वादाचा मुद्दा आहे. जावामध्ये मूळ कारण जोडण्याची सोय १.४ या आवृत्तीत (२००२), तर पायथनमध्ये ३.० या आवृत्तीत (२००८) आली. गो भाषेत प्रारंभी वेष्टनासाठी ‘एररएफ’ हे फंक्शन वापरीत. पण त्यातून केवळ नवा मजकूर तयार होई व आतील मूल्य नाहीसे होई. २०१९ सालच्या १.१३ या आवृत्तीत त्याला ‘टक्का-डब्ल्यू’ ही नवी खूण देण्यात आली. ती वापरल्यास आतील मूल्य जतन होते आणि ‘इज’ व ‘ॲज’ या फंक्शनांनी ते साखळीतून शोधता येते. जुनी खूणही ठेवण्यात आली, कारण आतील त्रुटी उघड करणे हे एक प्रकारचे वचन असते. नोंदी आज फाइलीत आहेत व उद्या दूरच्या संगणकावर जाणार आहेत. आज फाइलीची त्रुटी उघड केली, तर तिच्यावर विसंबलेल्या आज्ञावल्या उद्या अडचणीत येतात. वेष्टन पारदर्शक असावे की अपारदर्शक, हे त्रुटी तयार करणाऱ्याने प्रत्येक वेळी ठरवावयाचे असते. अनेक नोंदी एकाच वेळी तपासताना अनेक त्रुटी एकत्र बांधाव्या लागतात. त्यासाठी गोमध्ये २०२३ साली ‘जॉइन’ हे फंक्शन आले.

उगमस्थान व खर्च : त्रुटी निर्माण झाली त्या वेळी कोणकोणती फंक्शने चालू होती, याची यादी दोषशोधनास उपयुक्त असते. जावामध्ये अपवादाची वस्तू तयार होतानाच ही यादी नोंदविली जाते. साखळी जितकी खोल तितका वेळ अधिक लागत असल्याने २०११ सालच्या सातव्या आवृत्तीत ही नोंद न करण्याचा पर्याय देण्यात आला. गो भाषेत २०१९ च्या बदलांच्या मसुद्यात उगमस्थान नोंदविण्याची तरतूद होती. अंतिम स्वरूपात मात्र ती वगळण्यात आली. जेथे त्रुटी हे नेहमीचे परतमूल्य आहे, तेथे तिच्या निर्मितीचा खर्च अत्यल्प असणे इष्ट असते.

त्रुटी तयार करताना स्वतःच अपयश येऊ शकते, ही आणखी एक अडचण होय. स्मृतीतील जागा संपल्याची त्रुटी कळविण्यासाठी नवी वस्तू तयार करावी, तर तिच्यासाठीही जागा लागते. यावर उपाय म्हणून पायथनची मूळ कार्यप्रणाली अशा त्रुटीच्या काही वस्तू आधीच तयार करून राखून ठेवते. सी++ च्या एका प्रचलित लायब्ररीत याच हेतूने स्मृतीचा राखीव साठा ठेवलेला असतो.

संदेशाची भाषा : इंग्रजीत तुकडे जोडून त्रुटीचा संदेश तयार करणे सोपे जाते, कारण नामाचे रूप सहसा बदलत नाही. गो भाषेच्या संकेतानुसार त्रुटीचा मजकूर मोठ्या अक्षराने सुरू करू नये व शेवटी पूर्णविराम देऊ नये. तो दुसऱ्या वाक्याच्या मध्ये बसणार आहे, हे त्यामागील कारण होय. मराठीत मात्र अशा जोडणीने व्याकरण बिघडते. इंग्रजीतील ‘सापडले नाही’ या अर्थाचा एकच तुकडा कोणत्याही नामापुढे चालतो. मराठीत फाइल सापडली नाही, तक्ता सापडला नाही, नाव सापडले नाही, अशी क्रियापदाची रूपे लिंगानुसार बदलतात. स्थलनामांना विभक्तिप्रत्यय लावतानाही हीच अडचण येते : जिंतूरची, सेलूची ही रूपे सरळ होतात, पण पूर्णा या नावाचे सामान्यरूप होऊन पूर्णेची असे म्हणावे लागते. विशेषनामापुढे ‘तालुका’ हे सामान्यनाम ठेवून त्यालाच प्रत्यय लावणे (पूर्णा तालुक्याची, जिंतूर तालुक्याची) हा त्यावरील एक साधा उपाय आहे.

यावरून असे दिसते की, त्रुटीच्या मूल्यात तयार वाक्य साठविण्याऐवजी तिचा प्रकार आणि संबंधित नावे व आकडे वेगवेगळे साठवावेत आणि वाक्य वाचकाच्या भाषेत अखेरच्या टप्प्यावर रचावे. केवळ मजकूर घेणारे त्रुटिनिर्मितीचे फंक्शन वापरण्यास सर्वांत सुलभ असते, परंतु भाषांतराची वाट तेच बंद करते.

स्थैर्य व बदल : प्रमाण लायब्ररीतील फंक्शन एकदा प्रसृत झाले की त्यावर असंख्य आज्ञावल्या उभ्या राहतात. सी भाषेतील ‘स्ट्रएरर’ची एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या आज्ञावल्यांसाठी सुधारलेली आवृत्ती दोन परस्परविसंगत रूपांत रूढ झाली : एक पॉझिक्स मानकातील व दुसरी ग्नू लायब्ररीतील. दोन्हींचे नाव एकच, पण परतमूल्य भिन्न आहे. ही विसंगती अद्यापि टिकून आहे.

त्रुटींचे प्रकारही कायमचे निश्चित करता येत नाहीत. हिंगोली हा १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचा भाग होता; त्या दिवशी त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९८ मधील नोंदीत परभणी जिल्ह्याखाली कळमनुरी तालुका आल्यास ती नोंद योग्य ठरते; २००० मधील नोंदीत तो आल्यास ती त्रुटी होय. ‘अज्ञात तालुका’ हा एकच प्रकार येथे पुरत नाही. ‘तालुका ज्ञात, पण त्या दिनांकास या जिल्ह्यात नाही’ असा नवा प्रकार लागतो. असे प्रकार पुढे वाढतील हे गृहीत धरून रस्टमध्ये आदान-प्रदानाच्या त्रुटींची यादी अपूर्ण असल्याचे भाषेतच घोषित केलेले आहे. त्यामुळे ती यादी वापरणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीला अनोळखी प्रकारासाठीही तरतूद ठेवावी लागते.

त्रुटिनिर्मितीची कोणतीही एक रचना सर्व गरजा भागवीत नाही. साधेपणा व तपशील, वेग व उगमस्थानाची नोंद, मोकळीक व स्थैर्य यांत प्रत्येक भाषेने आपापल्या उद्दिष्टांप्रमाणे निवड केलेली आढळते. तथापि एक किमान अपेक्षा सर्वत्र समान आहे : त्रुटी कधीही वैध उत्तरासारखी दिसता कामा नये. ही अपेक्षा पूर्ण झाली, तर गंगाखेड तालुक्यातील ती नोंद यादीतून निमूटपणे गळत नाही; ती तपासणाऱ्यासमोर येते आणि दुरुस्त करता येते.